यादीत नसलेली भिंत

हॉस्पिटलमध्ये तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. मोठ्या सर्जनपासून लिफ्टमनपर्यंत सगळ्यांची ती फोनआत्या. जिन्याखालच्या खोलीत ती एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. खोली एवढीशी, की खुर्ची मागे सरकवली तर दार उघडत नसे. पण रुबाब विचारू नका. "हॉस्पिटल आपण चालवतो असं डॉक्टरांना वाटतं. वाटू दे बिचाऱ्यांना," असं ती सुनेला सांगायची. आणि हा डौल फुकाचा नव्हता. नुसत्या 'हॅलो'वरून ती माणूस ओळखायची. तो उपाशी आहे की बायकोशी भांडून आलाय, हेसुद्धा. घरी सासू ठार बहिरी. "दिवसभर कुजबुज ऐकायची आणि घरी येऊन ओरडायचं, असलं माझं नशीब," ती म्हणायची. पण न बोलता माणसं किती बोलतात, हे तिला सासूनंच शिकवलं होतं.

मग हॉस्पिटलनं मोठ्या आवारात जायचं ठरवलं. जुन्या इमारतीत सगळे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. नव्या जागी पाच इमारती, आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत कशाला निघालो होतो हे माणसानं विसरावं. विभागांना जोडून ठेवायला नवी फोनयंत्रणा आली. ती बसवणारे इंजिनिअर पिकल्या मिशांचे आणि भारी शिस्तीचे. त्यांनी वर्षभराचे फोन मोजले आणि जे विभाग एकमेकांशी जास्त बोलतात, अशा वीस जोड्यांना थेट लाइन दिली. बाकीच्यांनी ऑपरेटरकडून जावं. यादी चोख होती. नजर लागावी इतकी चोख.

आत्यानं ती चष्मा पुसून दोनदा वाचली. लेबर रूम ते नवजात कक्ष: फोन शून्य. जन्मल्यावर बाळ रडलं नाही तर बाळांचे डॉक्टर धावत यावे लागतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मग त्यांना बोलावतात कसे? एकतीस वर्षांत आपण हा फोन एकदाही जोडलेला नाही आणि ते आपल्या लक्षातही आलं नाही, याची तिला मनापासून लाज वाटली. ती तडक लेबर रूममध्ये गेली.

"फोन कशाला हवा?" तिथली मोठी सिस्टर म्हणाली. "ही भिंत आहे की."

भिंतीच्या पलीकडे बाळांच्या डॉक्टरांचं टेबल होतं. दोन थापा म्हणजे सवडीनं या, थापांवर थापा म्हणजे असाल तसे या. ही रीत ना कुठे लिहिलेली, ना कुणी ठरवलेली. हात जायचा आणि डॉक्टर यायचे.

"आणि नव्या जागी?"

सिस्टरनं भिंतीवरून हात फिरवला. नव्या जागी नवजात कक्ष पलीकडच्या इमारतीत होता. "बाळानं श्वास घेतला नाही तर मी फुगा दाबून हवा देत राहते," ती हळूच म्हणाली. "पण पुढचं त्यांनाच करावं लागतं, आत्या. हातात मिनिटंच असतात."

इंजिनिअर ऐकेनात. "वर्षभरात एकही फोन नाही. म्हणजे गरज नाही."

"साहेब, घरात असताना बायकोला किती फोन करता?"

"एकही नाही. कशाला करू?"

"मग तुमचं बोलणं बंद आहे, असं लिहू का यादीत?"

साहेब मिशीतल्या मिशीत हसले आणि एकविसावी लाइन मिळाली. पण फोन लावला दाराजवळच्या टेबलावर. आत्यानं कपाळावर हात मारला. तिनं सिस्टरला नव्या खोलीत खाटेशी उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि म्हटलं, "बाळ रडत नाहीये." सिस्टरचा हात आपसूक डाव्या भिंतीवर गेला. आत्यानं तिथे खडूनं फुली मारली. "इथे लावा. आणि नंबर फिरवायची भानगड नको. उचलला की तिकडे वाजला पाहिजे, आणि माझ्याकडे दिवा लागला पाहिजे."

मग धावायची तालीम. बाळांचे डॉक्टर पोटानं सुखी. लिफ्टची वाट बघत त्यांना सहा मिनिटं लागली. आत्या पहारेकऱ्याशी भांडली आणि सामानासाठी राखून ठेवलेला, दोन इमारतींमधला पूल उघडून घेतला. आता दोन मिनिटं. "डॉक्टर, आधी तुम्हालाच ऑक्सिजन लावावा लागेल," सिस्टर म्हणाली. डॉक्टरांना हसायलाही दम उरला नव्हता. आत्यानं त्यांना आणखी तीनदा पळवलं.

नव्या आवारातल्या पहिल्याच सोमवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, एकविसाव्या लाइनचा दिवा लागला आणि आत्यानं ती लाइन कानाला लावली.

"रडत नाहीये. या," सिस्टरचा आवाज.

"निघालो," डॉक्टरांचा.

पलीकडून फोन उचलला गेला की ऑपरेटरनं बाजूला व्हायचं, हा नियम. आत्यानं आजवर कुणाचं बोलणं चोरून ऐकलं नव्हतं. आज तिनं लाइन सोडली नाही. सिस्टरनं फोन तसाच लोंबकळत सोडला होता. फुग्याचा फस् फस् आवाज येत होता आणि मधूनच बाळाची आई विचारत होती, "काय झालं? कुणी सांगा ना." समोर दुसऱ्या फोनांचे चार दिवे लुकलुकत होते. लुकलुकू देत. आपण फुली चुकीच्या जागी तर मारली नाही ना, पूल आज कुणी बंद तर केला नाही ना, असल्या विचारांनी तिचा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात दार आपटलं. डॉक्टरांची धाप ऐकू आली, मग धातूची खणखण, मग काहीच नाही. ते 'काहीच नाही' आत्याला सोसवेना.

आणि मग बाळ रडलं. आधी बारीक, दबकत. मग चांगलं चिडून, सगळ्यांना फैलावर घेतल्यासारखं.

आत्याही रडली. बिनदिक्कत रडली. एवढ्यात कुणीतरी लोंबकळता फोन उचलला.

"आत्या, आहात ना?" सिस्टरनं विचारलं.

"आहे गं."

"मुलगी आहे. नीट ऐका." फोन बाळाजवळ नेला असावा, कारण आत्याचा कान बधिर झाला.

"फोनवर कोण आहे?" आईनं थकल्या आवाजात विचारलं.

"घरचंच माणूस," सिस्टर म्हणाली.