लाकडी माईक

सांगलीत हळदीच्या एका गोदामाच्या माडीवर आमचा वर्ग भरायचा. पाटीवर 'रेडिओ व टेलिव्हिजन निवेदक प्रशिक्षण' असं लिहिलेलं होतं. टेलिव्हिजन आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता, गुरुजींनीही नाही. आम्ही नऊजण होतो आणि माईक एकच होता, सुताराकडून करून घेतलेला, काळा रंग दिलेला. त्याला वायरही लावली होती. तिचं दुसरं टोक टेबलाच्या पायाला बांधलेलं असायचं.

गुरुजी फसवणारे नव्हते, हे आधीच सांगतो. कुस्त्यांच्या मैदानात आणि तंबूतल्या सिनेमासाठी पुकारा करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. रेडिओ म्हणजे त्याहून मोठं मैदान, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. खाली हमाल पोती आपटत असायचे. त्या गोंगाटात शेवटच्या बाकावरच्याला बातमी स्पष्ट ऐकू आली, तरच ते मान हलवायचे. सहा महिन्यांत त्यांनी आमचे उच्चार घासूनपुसून स्वच्छ केले आणि छाती भरून बोलायला शिकवलं.

मी कोरेगावचा. माझ्या शेजारी पलूसकडचा एक शेतकऱ्याचा मुलगा बसायचा. सगळ्यात दमदार आवाज त्याचा. रेडिओ केंद्रावर हंगामी निवेदकाची जागा निघाली, तेव्हा आम्ही दोघांनी अर्ज केले. माझ्या हातात अजून दोन-तीन वर्षं होती. त्याची वयाची मर्यादा त्याच वर्षी संपत होती. यंदा जमलं नाही तर ऊस बघायला गावी यायचं, असं भावांनी त्याला बजावलं होतं.

चाचणीला माझा नंबर आधी लागला. दार बंद झालं आणि मला स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला. समोर खरा माईक, काचेपलीकडे कानाला हेडफोन लावलेले एक गृहस्थ. लाल दिवा लागला. मी पहिलं वाक्य वाचलं आणि त्यांनी हेडफोन झटकन काढला. आत येऊन ते शांतपणे म्हणाले, "अहो, ऐकणारा तुमच्यासमोर हातभर अंतरावर बसलाय. त्याच्याशी बोला."

मी पुन्हा वाचलं. आवाज कमी केला की शब्द घशातच राहायचे. छाती भरली की पुकारा सुरू. तिसऱ्या खेपेला त्यांनी मला थांबवून आभार मानले.

व्हरांड्यात माझा पलूसचा सोबती कागद धरून उभा होता. मी त्याला घाईघाईनं सांगितलं की आत हळू बोलायचं, कानात सांगितल्यासारखं. गुरुजींचं इथे चालत नाही.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "सहा म्हैनं घसा फोडला, आन् आता हळू बोलू? मला पाडाय बघतोस व्हय रं?"

मी शपथ घेतली. तो हसला. "तुझा आवाज बसला आसंल, गड्या. माझा न्हाई बसत."

ते दार जाड होतं. आतलं बाहेर ऐकू येऊ नये, अशीच त्याची बांधणी होती. त्याचं पहिलं वाक्य मला व्हरांड्यात ऐकू आलं. दुसरंही आलं. मग काहीच आलं नाही.

बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. पायऱ्या उतरताना म्हणाला, "खरं सांगत हुतास." एवढंच.

फाटकाशी गुरुजी सायकल धरून थांबले होते. त्यांनी आधी त्यालाच विचारलं. तो अगदी स्वच्छ उच्चारात म्हणाला, "चांगलं झालं, गुरुजी."

त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्याकडे वळले. माझं राहिलं, मी म्हणालो. तिथे हळू बोलावं लागतं, हेही सांगितलं.

"हळू बोललास म्हणूनच राहिलं," गुरुजी म्हणाले. त्यांना माझं खरंच वाईट वाटलं होतं. मग ते म्हणाले की सोमवारपासून नवी तुकडी बसतेय, चौदा मुलं आहेत, त्यांना मी या पलूसच्या पोराचाच दाखला देणार.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो एक शब्द बोलला असता तरी पुरे होतं. तो रस्त्याकडे तोंड करून एका टांगेवाल्याला पलूसची गाडी किती वाजता आहे ते विचारत होता.