दादाच्या फोटोंनी लावलेली आग

फोटोतून गोष्ट सांगता येते, अशी माझ्या थोरल्या भावाची, म्हणजे दादाची, पक्की खात्री होती. घरात दुसऱ्या कोणाचीच नव्हती.

दादा हिंगणघाटला मास्तर. एकोणीसशे पन्नास उलटून थोडी वर्षं झाली असतील. कुठल्याशा मासिकात त्यानं ओळीनं छापलेले फोटो पाहिले. खाली एक अक्षर नाही, तरी एका कुंभाराचा अख्खा दिवस समजतो! झालं. कोणाचा तरी डबा कॅमेरा मागून स्वारी वडनेरला घरी हजर. नेमका तेव्हाच नाचणगावहून माझ्या स्थळाचा निरोप आला होता: कापसाची वेचणी चालू आहे, यायला फुरसत नाही, आधी मुलीचा फोटो पाठवा. मुलगा मी एका लग्नात पाहिला होता. पंगतीत वाढताना त्याच्या हातून वरण सांडलं, आणि ते त्यानं स्वतः पुसलं. (असा पुरुष आमच्या घरात मी जन्मात पाहिला नव्हता!) मला तोच नवरा हवा होता.

"काढ एक फोटो अन् दे पाठवून," बाबा म्हणाले.

"एका फोटोत काय समजते, बाबा? हिचा पुरा दिवस दाखवतो! पाणी भरते, चूल पेटवते, तुमाले वाढते. पाहणाऱ्याले वाटलं पाह्यजे, पोरगी किती गुणाची!"

"अन् खाली लिहिशील न काय ते?" मी विचारलं.

"लिहाचं काऊन? फोटोच बोलते!"

त्या डब्याला घरातला अंधार चालत नसे, भर ऊन लागे. म्हणून दादानं मातीची चूल उचलून अंगणात आणली. आणताना तिचा कोपरा पडला. आई कडाडली, "माह्या सारवलेल्या चुलीले हात काऊन लावला रे?" मग घर खातंपितं दिसावं म्हणून पितळेची भांडी, ट्रंका, गाद्या, बाबांची खाट, सगळं बाहेर! चुलीत घातलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या काड्या, ओल्या होत्या. धूर असा उठला की शेजारच्या काकू बादली घेऊन धावत आल्या. दादानं त्यांनाही फोटोत घेतलं. (गोष्टीत शेजार पाह्यजे म्हणे!)

"हालू नको वं! डोळे उघडे ठेव. हास!"

ऊन थेट तोंडावर, डोळ्यांत धूर, आणि हास म्हणे! "तूच बस न चुलीपुढं!" मी ओरडले. "मी काय माकड आहो काय?" तेवढ्यात कट्‌कन आवाज झाला. काढला मेल्यानं फोटो! बाबांना त्यानं घास हातात धरून हलू नका म्हटलं होतं. ते डोळे फाडून तसेच बसले, आणि भाकर थंड झाली तसे तापले. शेवटी शेळीनं परातीतल्या पिठात तोंड घातलं. मी फुंकणी घेऊन धावले, तर दादा आनंदानं ओरडला, "वा! हाच शेवट!"

फोटो धुऊन आले ते मला न दाखवताच नाचणगावला गेले. सोबत चिठ्ठीसुद्धा नाही. "कला हाय ते. तुले नाई समजणार!"

किती दिवस उत्तर नाही. मी दादाच्या नावानं बोटं मोडत होते. गेलं माझं स्थळ! एका रविवारी दादा आला आणि म्हणतो कसा, "त्या लोकायलेच कलेची समज नाई." माझं टाळकंच सरकलं. फुंकणी हातात होतीच. "थांब, तुही कलाच काढते आता!" मी त्याच्यामागे अंगणभर धावत असतानाच दारात बैलगाडी थांबली. तोच मुलगा आणि त्याचे वडील उतरले. गाडीत जवारीचं पोतं, घोंगड्या आणि एक नवा तवा.

मुलगा माझ्याकडं नाही, घराकडंच बघत राहिला. "बाबा, घर तं उभं हाय!"

"मंग? काय झालं घराले?" आमच्या बाबांनी विचारलं.

"जळालं नाई?" त्याच्या वडिलांनी खिशातून फोटो काढले. "हे पाहा न. धूर. सामान सारं बाहेर. बाई बादली घेऊन पळून राह्यली. तुमचं तं भानच गेलेलं. अन् पोरगी बिचारी रडून राह्यली! अशात लग्नाचं काय बोलावं? वेचणी आटोपली, तसे मदतीले निघालो."

आईनं कपाळावर हात मारला. दादा मात्र खूश! "पाह्यलं? खाली अक्षर नाई, तरी गोष्ट समजली!"

मुलानं माझ्या हातातल्या फुंकणीकडं पाहिलं. "म्हणजे ह्या रडत नव्हत्या?"

"नाई जी," आई म्हणाली. "ते तिचं रागाचं तोंड हाय." (आईला कोणी विचारलं होतं?)

मुलगा हसला. इतका हसला की त्याच्या वडिलांनी तिथंच लग्न ठरवून टाकलं.

ते फोटो आमच्या नाचणगावच्या घरात अजून भिंतीवर आहेत. नातवंडं विचारतात, "आजी, तुमचं घर खरंच जळालं होतं?" मी छातीठोकपणे "हो" म्हणते. आग केवढी होती, तेही हातवारे करून सांगते. काय करणार? नाही म्हटलं, तर हे माझं रोजचं तोंड आहे हे कबूल करावं लागेल!