मधली पट्टी

मल्हारीला आपल्या हातकामाचा गर्व होता आणि तो लपवण्याची त्याला कधी गरज वाटली नाही. वडीगोद्रीच्या हायवेलगत त्याचं पत्र्याचं दुकान. तिथे आता दिवसभर फवारणीचे पंप दुरुस्तीला येतात, पण पंपाविषयी तो अवाक्षर बोलणार नाही. बोलणार ते रामरावांच्या दुनळीविषयी. ठासणीची बंदूक, रानडुकरं हाकलायला घेतलेली, रीतसर परवान्याची. मागे तिच्या दोन्ही नळ्या एकमेकींपासून सुटल्या होत्या. दुरुस्तीचा परवाना मल्हारीकडे होता. त्याने नळ्या तारेने आवळल्या, मध्ये पट्टी बसवली, पितळ वितळवून झाळ दिली, आणि तोंडाकडे दोघींना किंचित एकमेकींकडे कलतं ठेवलं. अगदी सरळ ठेवल्या तर दोन बार दोन गावांना जातात. हा कल डोळ्याला दिसत नाही. तेवढ्यासाठी त्याने अख्खा उन्हाळा घालवला आणि बायकोचा अबोला ओढवून घेतला. तसा जोड पुन्हा साधला नाही. आता वय झालं, साधणारही नाही.

आणि तोच जोड तोडून मागायला रामरावांचे दोघे लेक दारात उभे.

घरात वाटणी चालली होती. ट्रॅक्टर थोरल्या सोमेश्वरला, ट्रॉली धाकट्या हरिओमला. जात्याची वरची तळी एकाकडे, खालची दुसऱ्याकडे. दळण कुणाकडेच होत नव्हतं, पण अन्यायही कुणावर झाला नव्हता.

"मामा, डावी नळी माझी, उजवी याची," सोमेश्वर म्हणाला. "जल्दी सोडवून द्या."

भावाशी बोलणं बंद असल्याने हरिओम ऐरणीकडे बघून म्हणाला, "त्याला विचारा, डावी म्हंजे कुठून? दस्त्याकडून का तोंडाकडून?"

"डुकराकडून बघितलं तर बदलती," मल्हारी म्हणाला. "आन् लाकडी दस्त्याचं काय?"

"उभा चिरायचा."

"तुमच्या आबाला इचारलं का?"

"आबा म्हणले, लायसन माझ्या नावावर हाय, जेलात मीच जाईन. तुमी बिनघोर वाटा."

मल्हारीने सबबी काढल्या. भाता फाटलाय म्हणाला. हरिओमने ब्लोअर आणला. कोळसा न्हाई म्हणाला. सोमेश्वर पोतं घेऊन आला. वाटणीच्या कामात दोघांची अशी एकी होती की बघत राहावं.

"एकदा भट्टीत तावली की कल गेला," मल्हारी म्हणाला. "माझ्याच्यानं पुन्हा व्हणार न्हाई."

"पुन्हा पाहिजे कुणाला?"

मल्हारीने भट्टी पेटवली. निखारे लाल झाले, तेवढ्यात दुकानासमोर स्कूटी थांबली. दोघांची बहीण दैवशाला. नवीन जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत हिशेब बघते. तिला भावांनीच बोलावलं होतं. इथून तिला अंबडच्या कचेरीत न्यायचं, हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, साडी द्यायची, जेवू घालायचं, म्हणजे ती वाटणीतून बाहेर. घरोघर असंच चालतं, आणि साडीचा रंगसुद्धा कुणी विचारत नाही.

"हे काय चाललंय, मामा?"

मल्हारीने सांगितलं. तिने बंदूक हातात घेऊन नीट पाहिली.

"डावी दादाची, उजवी हरीची. आन् ही मधली पट्टी? हा जोड?"

दोघे भाऊ कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा एकमेकांकडे बघत राहिले.

"ते ठरलं न्हाई," सोमेश्वर म्हणाला.

"मंग ते माझं."

"अगं, तू पट्टीचं काय करणार?"

"तू जात्याच्या एका तळीचं काय करून राह्यला?"

हरिओम हसला आणि लगेच खोकला आल्यासारखं केलं.

"बराबर तिसरा हिस्सा घेणार मी, जमिनीतबी," ती म्हणाली. "सही बिलकुल करणार न्हाई. आज पट्टीपासून सुरुवात. मामा, माझ्या वस्तूला आग लावायची न्हाई."

"मालकीण नको म्हणती," मल्हारी म्हणाला आणि बादलीभर पाणी भट्टीत ओतलं. इतक्या चपळाईने तो कित्येक वर्षांत हलला नव्हता. वाफेत दोघे भाऊ दिसेनासे झाले.

तेव्हापासून बंदूक बांधावरच्या खोपीत असते. सोमेश्वर आपली नळी ठासतो, हरिओम आपली. दिवस मावळताना डुकरं आली की दोघे गालाला गाल लावून उभे राहतात, दोघांच्या चार हातांत एक बंदूक. नेम धरायचा तर नजर पट्टीवरून न्यावी लागते, आणि पट्टी पडली बहिणीची. म्हणून आधी फोन. दैवशाला पैठणच्या बसबद्दल विचारते, आबांच्या गोळ्यांबद्दल विचारते, जमिनीचं काय ठरलं ते विचारते, आणि मग म्हणते, "हां, धरा."

परवा पहिल्यांदा दोन्ही बार झाले. मल्हारी दुसऱ्या दिवशी सकाळीच उठून तिकडे गेला. बांधावरच्या बाभळीच्या खोडात छर्रे रुतले होते, डावीचे आणि उजवीचे एकाच ठिकाणी, वेगळे काढता येऊ नयेत असे. मल्हारीने त्या जागेवरून दोनदा अंगठा फिरवला आणि घरी आला.

डुकरांचं काय झालं, हे त्याने विचारलंच नाही.