सरपंचाची नक्कल आज झालीच नाही

मंडळी, आज सकाळी तेलंगणातल्या जैनथच्या आमच्या चहाच्या हॉटेलात एक अनोळखी माणूस आला. मोबाईल समोर धरून हिंदीत म्हणाला, "अपने सरपंच पे एक जोक सुनाओ, रील बनाना है."

आता आमचे गणपतकाका रोज त्याच बाकड्यावर बसून सरपंचाची हुबेहूब नक्कल करतात. सरपंच एकाच भाषणात तेलुगू, मराठी अन् हिंदी कशी कालवतात, ते करून दाखवतात. सारं हॉटेल हसून लोळते.

पण मोबाईल पाहून काकांनी हात जोडले. "सरपंच लय चांगले हायत जी."

मागून सारेच म्हणाले, "हो, लय चांगले." मीही म्हणालो. निवडणूक तोंडावर आली, हा कोणाचा माणूस, काय माहीत!

तो गेल्यावर मी म्हणालो, "काका, आता करा नक्कल."

काकांनी बशीतला चहा संपवला अन् माझ्याकडं रोखून पाहिलं. "तू काऊन नक्कल मागून राह्यला? खिशात मोबाईल चालू हाय का?"

माझ्या वरातीत नाचलेला माणूस हा! मी मोबाईल काढून टेबलावर ठेवला. तरी नक्कल झाली नाही.

तेव्हापासून विचार करून राह्यलो, काकांना माझाच संशय काऊन आला? कोणी कान भरले?

तुमच्या गावात सरपंचावर मोकळेपणानं हसता येते का? खरं सांगा. अन् ही पोस्ट वाचून हसू आलं तर मनातच हसा. लाईक केलं का नाव दिसते.