जत्रेची गाडी

आधी एक दुरुस्ती. नांदूरघाटच्या पुढे डोंगरमाथ्यावरच्या गावापर्यंत एसटी जाते, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. जात नाही. मी गेले त्या दिवशी तिथं जत्रा होती आणि ती जादा गाडी होती. रोजचीच असेल असं मी धरून चालले.

आमच्या घरात शिकलेली मी पहिली, त्यामुळे माझं लिहिलेलं कुणी तपासत नाही. चुलत बहीण स्वातीनं तो लेख काकांना वाचून दाखवला. त्याच गावातलं स्थळ तिला आलं होतं. अंबाजोगाईत तिचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलंय. ते सासरहून एसटीनं जाऊन-येऊन होईल, असं धरून काकांनी होकार कळवला. मग कुणीतरी म्हणालं, तिकडं गाडीच नाही. म्हणून काल, रविवारी, आम्ही दोघी बघायला गेलो.

अंबाजोगाईहून केजला सकाळी गाड्या भरपूर. केजला मात्र उन्हात बराच वेळ उभं राहावं लागलं. नांदूरघाटपर्यंत काळीपिवळीत चौघींच्या जागेत सहाजणी. तिथं भजी गरम मिळतात. पाणी तिथंच भरून घ्या, वर दुकान नाही. पुढे पायी. रस्ता आहे, पण खडी उखडलेली आणि सावली नाही. निम्म्यातच माझे पाय बोलायला लागले.

वळणावर डोक्यावर कडब्याची पेंढी घेतलेली एक बाई भेटली.

"कुणाकडं आलाव गं?"

"असंच, डोंगर बघायला," स्वाती म्हणाली.

"डोंगर काऊन बघायचा? आमी रोज बघतो, लई कटाळा आलाय." ती हसली.

मी एसटीचं विचारलं.

"यष्टी? ती जत्रंला आलती. आता थेट पुढच्या जत्रंला. तवर बसा हितंच!"

माथ्यावर वारा छान होता. खाली शेतं, त्यांच्यामधून गेलेला पांढरा रस्ता. स्वाती त्या रस्त्याकडेच बघत होती.

"पोरगा वाईट न्हाई गं ताई," ती म्हणाली. "पण हितून रोज कसं जायाचं? कॉलेज सुटंल माझं."

"काकांना सांग ना."

"मी सांगितलं तर म्हणतील, पोरीला लग्न नको म्हणून बहाणे करती. लिहिलंय तू. तूच सांग."

मग आम्ही उतरायला लागलो. घरी पोचेस्तोवर अंधार पडला होता.

मागचा लेख दुरुस्त केलाय, पण काका काही तो पुन्हा वाचून घेणार नाहीत. फोनवर सांगितलं तर हसण्यावारी नेतील. शुक्रवारी सुपारी फुटणार आहे. एकदा ती फुटली की कुणी ऐकणार नाही. बुधवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं मी काकांकडे जातेय.