तीन वर्षं मासा माझ्या खुर्चीखाली होता

मंडळी, हाताला अजून माशाचा वास आहे, पण आधी हे लिहितोय.

तीन वर्षं मी इथे अमेरिकेत डब्लिनजवळच्या तलावाच्या काठावरून बास मासा पकडायचा प्रयत्न करतोय. झाडाखाली फोल्डिंग खुर्ची टाकायची आणि सगळा जोर लावून गळ जमेल तितका लांब फेकायचा. मोठे मासे मध्यावरच असणार, याची मला खात्री होती!

आज सकाळी शेजारच्या शोभाकाकूंनी मला त्यांच्या जुन्या कयाकमध्ये, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या छोट्या होडीत, बसवलं. काकू सदुसष्ट वर्षांच्या, नागपूरच्या, आणि दर शनिवारी एकट्या तलावात असतात. मला पोहता येत नाही. लाइफ जॅकेट तीनदा चेक केलं.

मध्यावर पोचताच मी रॉड उचलला. बाजूला त्यांच्या नव्या कयाकमधून काकू म्हणाल्या, "इथे काय टाकतोस? तोंड काठाकडे कर. मासे सावलीत बसतात."

वळून बघतो तर समोर माझंच झाड! जरा जवळ जाऊन त्याच्या सावलीत गळ टाकला. दुसऱ्याच फेकीला असा हिसका बसला की कयाकच ओढली जायला लागली.

"काकू, बुडतोय मी!"

"बुडत नाहीयेस, मासा लागलाय. रीळ फिरव."

चांगला दोन किलोचा बास होता यार! फोटो काढून सोडून दिला.

परतताना विचारलं, "काकू, हे आधी का नाही सांगितलंत?"

"काठावर बसून तुला पटलं असतं?"

खरं सांगा, तुम्हाला पटलं असतं?