हिरामणअण्णांचा उजवा पाय

हिरामणअण्णा गिटार वाजवताना कधी खाली बघत नसत. समोर हळदीत बेभान नाचणारी पोरं असोत, नाहीतर मारुंजीच्या सोसायटीत गणपतीपुढं खुर्च्या धरून बसलेली शहाणी माणसं असोत, अण्णांची मान ताठ आणि नजर थेट लोकांवर. पायाशी एका फळीवर चार पेडलं बसवलेली असत. पेडल म्हणजे पत्र्याची जाड डबी, तिच्या डोक्यावर एक बटण. पायानं दाबलं की गिटारचा गोड आवाज एकदम फाटून गरजायला लागतो, पुन्हा दाबलं की गुमान जागेवर येतो. अण्णा हे सगळं न बघता करत. "वाजिवणारा खाली बगाया लागला, की लोकं बी खालीच बगत्यात," असं त्यांचं म्हणणं.

अण्णा आमच्या भरे गावचे. थोडी भातशेती, दोन म्हशी आणि स्वतःचा ऑर्केस्ट्रा. जमिनी विकून गाड्या घेणाऱ्यांना ते तोंडावर हसत आणि त्यांच्याच घरच्या हळदीची सुपारीही घेत. बोलणं तिखट, पण बोट तारेवर पडलं की माणूस विरघळून जाई. त्यांची गिटार मला फार आवडायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात ते कुठं दिसणार नाही.

मी पिरंगुटच्या एका कंपनीत बोर्डांवर सोल्डरिंग करायची. धाकटी झाली आणि नोकरी सोडली. त्यानंतर एकदा अण्णा टॉवेलात पेडल गुंडाळून आमच्या दारात आले. "शैला, तुजा हात तारांवर बसलाय न्हवं? ही बग, ऐन हळदीत मेली." मी डबी उघडली तर आत हळदच हळद. बटणाखालचा स्विच पार जाम झालेला. त्या एवढ्याशा स्विचला नऊ तारा जोडायच्या असतात, आणि खरी मेख तिथं आहे. सोल्डरिंगची तापलेली गन जरा जास्त वेळ टेकली की आतलं प्लास्टिक वितळतं. स्विच त्या दिवशी चालतो, पण महिन्याभरात दगा देतो. म्हणजे स्विच लवकर गेला, की पहिला संशय जोडणाऱ्याच्या हातावर.

माझ्या हातचा स्विच गेला नाही. पुढचे दोन हंगाम जत्रा झाल्या, हळदी झाल्या, अण्णांनी तो लाथाळून काढला, तरी गेला नाही. "बटाण हाय ते, बायकू न्हाई. दाबलं की ऐकलंच पायजे," असं म्हणून ते हसत, आणि आतून त्यांची बायको, इंदूवहिनी, ओरडत, "व्हय, म्हून तर रातंदिस त्याच्याच संगट असता!" मग अण्णांनीच गावोगाव माझं नाव केलं. "आमच्या गावात एक सून हाय. तिच्या हातचा स्विच मोडायचा म्हणलं तरी मोडत न्हाई." जांब्याहून, मारुंजीहून वाजवणारे पेडलं घेऊन यायला लागले. सासूबाईंनी आपण होऊन पडवीतला कोपरा मोकळा करून दिला. लग्न होऊन आल्यापासून मी कुणाची तरी सून, कुणाची तरी बायको होते. आता नाक्यावर माणसं विचारत, "शैलाताईंचं घर कुठलं?" त्या प्रश्नाची मला चटक लागली होती, खोटं कशाला बोलू.

आणि मग अण्णांचे स्विच जायला लागले. आधी एक, मग दुसरा, मग पहिलाच पुन्हा. "दाबतो तर लागतच न्हाई. लागला तर ऱ्हात न्हाई." मी टेबलावर ठेवून अंगठा दुखेपर्यंत दाबून बघे. दर वेळी टक् असा स्वच्छ आवाज, दर वेळी डबीवरचा बारका दिवा लागे, विझे. तरी मी नवा आणून बसवायची. बुधवार पेठेतला दुकानदार खोटा माल देतो म्हणून दुकान बदललं. गन बदलली. माझा हातच बिघडला की काय, या विचारानं मला जेवण जाईना.

शेवटी मी गावातल्याच एका हळदीला मुद्दाम स्टेजच्या कडेला जाऊन उभी राहिले. अण्णा वाजवत होते. आणि ते खाली बघत होते. एकदा नाही, दर बटणाला. बघूनही पाय कधी बटणाच्या शेजारी फळीवरच पडे. कधी बटणावर पडे, तर ते दाबलं गेलेलं त्यांना कळतच नसे, म्हणून पुन्हा दाबत. दिवा लागे आणि लगेच विझे. मग माइकवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय करता मंडळी, स्विचच बाद हाय!" कार्यक्रम आटोपून ते पायऱ्या उतरले तेव्हा उजवी चप्पल वरच राहिली होती. तसेच एका अनवाणी पायानं ते टेम्पोपर्यंत चालत गेले. चप्पल सुटल्याचा त्यांना पत्ताच नव्हता.

माझ्या माहेरी आत्याचं असंच झालं होतं, साखरेच्या आजारानं पाय बधिर झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांच्या घरी गेले. गोठ्यात ते एकटेच होते. चारचौघांत बोलायचं नाही, एवढं मला कळत होतं.

"अण्णा, स्विच चांगलं हायेत. तुमचा पाय डाक्टरला दावा."

त्यांनी वैरण टाकली आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच म्हशीचं दावं सोडून दिलं होतं. "माज्या पायाचं तू सांगू नगं. तू डबीचं बग."

त्यानंतर डबी आलीच नाही. अण्णांनी मारुंजीत दुसरा माणूस धरला, आणि तिथंही स्विच टिकेनात, तेव्हा सांगितलं की आधीच्या बाईनं आतलं सगळं जाळून ठेवलंय. एका वाजवणाऱ्यानं दुसऱ्याला सांगितलं. अण्णांचा शब्द म्हणजे या पट्ट्यात काळ्या दगडावरची रेघ. बघता बघता पडवीतला कोपरा ओस पडला. हळूहळू सासूबाई तिथं तांदळाची पोती रचायला लागल्या. मी पुन्हा कंपनीत गेले, कंत्राटी.

पुढच्या उन्हाळ्यात मांडवातला खिळा चप्पल भेदून अण्णांच्या तळपायात घुसला. त्यांना कळलं नाही. घरभर रक्ताचे ठसे उमटले तेव्हा इंदूवहिनींनी बघितलं. जखम चिघळली, काळी पडली, आणि गुडघ्याखाली पाय काढला.

ते घरी आल्यावर मी भेटायला गेले. न जाऊन कसं चालेल, शेजारधर्म आहे. अण्णा कॉटवर पडून होते. अंगावर गोधडी, आणि ती एका बाजूला सपाट. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या, तेव्हा ते एकदम म्हणाले, "मला ठावं व्हतं, शैला. तू सांगायच्या आदीच डाक्टरनं सांगितलं व्हतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मंग?"

"मंग काय? बटाण गेलं म्हणलं की लोकं थांबत्यात. वाजिवणाऱ्याचा पाय गेला म्हणलं, की दुसरा वाजिवणारा बगत्यात."

"आन् माजं नाव कशाला घेतलंत?"

त्यांनी आढ्याकडं बघत अगदी समजावून सांगितल्यासारखं सांगितलं. आवाजात ना लाज होती, ना राग. "दुकानदाराचं घेतलं आसतं तर त्यो भांडाया आला आसता. तू काय येणार व्हतीस?"

तेवढ्यात चहा आला. मी तो प्यायले. कप खाली ठेवून घरी आले आणि भांडी घासता घासता रडले. पाय गेलेल्या माणसावर रागवायचं तरी कसं? आणि रागवायचं नाही, तर हे सगळं ठेवायचं कुठं? माणूस भित्रा होता एवढंच असतं तर मी केव्हाच विसरले असते. पण त्यांनी विचार करून निवड केली होती. कुणाला बुडवलं तर आवाज होणार नाही, हे बघून.

अण्णा यंदा दिवाळीनंतर गेले. तेराव्याला सगळा पट्टा लोटला. मंडळी त्यांचे किस्से सांगत होती. हसत होती, डोळे पुसत होती. मीही पुसले, कारण गिटार आठवत होती. पंगत बसायच्या आधी जांब्याचा एक वाजवणारा मला बघून पुढं आला. चांगला माणूस, मनात काही नव्हतं त्याच्या. म्हणाला, "ताई, आता तरी शिकून घ्या नीट. अण्णा बिचारे शेवटपर्यंत म्हणायचे, त्या स्विचांनी माझा धंदा बुडवला."

"स्विच चांगलं व्हतं," मी म्हणाले. माझा आवाज एवढा मोठा निघेल असं मलाच वाटलं नव्हतं. "अण्णांचा पाय मेला व्हता. त्यांना ठावं व्हतं, तरी माजं नाव घेत ऱ्हायले."

कुणीतरी "मेलेल्या माणसाबद्दल..." असं अर्धवट बोललं. सगळ्यांच्या माना इंदूवहिनींकडं वळल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्या दिवशी चहा ठेवताना भिंतीआडून त्यांनी ऐकलं होतं, हे मला कप देताना खाली घातलेल्या त्यांच्या मानेवरूनच कळलं होतं. एक शब्द त्या बोलल्या असत्या तर पुरे होता. त्यांनी पदर डोक्यावर ओढला, माझ्याजवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "आज तरी नगं, शैला."

"मंग कवा, वहिनी?"

त्या वळून बायकांत जाऊन बसल्या. मांडवात पत्रावळी मांडायला सुरुवात झाली. मी जेवायला थांबले नाही.